पाकद म्हणजे, बहुधा, समाचार घेणे

तो शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा तो चुकलेला आहे असं समजून मी तो सुधारून टाकला. तोही एकदाच नाही, पहिल्या दोन प्रकरणांत जिथे जिथे दिसला तिथे.

तेव्हा मी सुरतेत उधना मेन रोडवरच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करत होते. नव्वदीची मधली वर्षं. खाली सुताच्या कोनांचं दुकान, वर आम्ही. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणत म्हणून मीही म्हणायचे. साड्यांच्या बॉक्सवरची लेबलं, बिलबुकं आणि लग्नाच्या कंकोत्र्या हा त्यांचा मुख्य धंदा. पण उधन्याकडे मराठी माणूस इतका, की गणपती मंडळांच्या पावत्या, बारशाची आमंत्रणं, वर्षश्राद्धाची कार्डं यांचाही तोटा नसे. त्या कामासाठी त्यांनी मला ठेवलं होतं. मी धुळ्याची. शुद्धलेखन बरं होतं, आणि ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा.

म्हणून 'पाकद' दिसल्यावर मी त्याचं 'पकड' केलं.

हस्तलिखित घेऊन आलेले गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. जिना चढून आल्यावर आधी भिंतीला हात टेकून उभे राहिले, मग म्हणाले, "इथे मराठी जुळवतात ना?"

"जुळवतो. काय आहे?"

"पुस्तिका आहे. एका क्रियापदावर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. शेठनी मात्र बरोबर ऐकलं होतं. त्यांनी कागद चाळले आणि मला म्हणाले, "बेन, एक शब्द माटे बत्रीस पानां? डिक्शनरीमां तो एक लीटी होय."

"डिक्शनरीत दोन रकाने आहेत, शेठ," ते गृहस्थ मराठीतच म्हणाले. "तेच तर दुखणं आहे."

ते नगरकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. मुलगी सुरतेच्या एका दवाखान्यात नर्स, तिच्याकडे राहायला आले होते. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणत आले. ते मला बाई म्हणायचे, शाळेत बरोबरीच्या शिक्षिकेला म्हणावं तसं.

काही दिवसांनी ते प्रूफ बघायला आले. चष्मा लावून बोट ओळीवरून सरकवत गेले आणि मधेच थांबले. मी अभिमानाने सांगितलं, "तुमच्याकडून सगळीकडे पाकद झालं होतं. मी दुरुस्त केलंय."

त्यांनी एक वाक्य मोठ्याने वाचलं. देवाने त्या म्हातारीला पकड केलं आणि तिला मुलगा झाला, असं काहीतरी ते झालं होतं. मला वाटलं आता बोलणार. पण ते हसायला लागले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बाई, हा मराठी शब्द नाही. हिब्रू आहे. आमच्या धर्मपुस्तकाचा जुना भाग ज्या भाषेत लिहिला ती. पाकद. पण तुमचंही अगदीच वाईट नाही. काही जागी पकडसुद्धा लागू पडेल."

मी सगळीकडे परत पाकद केलं. तिथून माझा गोंधळ संपायला हवा होता, पण तो खरा तिथून सुरू झाला.

कारण आता मी अर्थ लावत जुळवायला लागले. पहिल्या प्रकरणात देव एका नव्वदीच्या निपुत्रिक बाईला पाकद करतो, म्हणजे तिला विसरत नाही, तिच्याकडे येतो, तिची कूस उजवतो. पुढच्या प्रकरणात वाळवंटातल्या लोकांची शिरगणती होते. ते मोजणंही पाकद. मग एका परक्या गुलामाच्या हाती मालक घरचा सगळा कारभार सोपवतो. ते त्याच क्रियापदाचं एक रूप. आणि त्यानंतर बापाच्या पापाची शिक्षा नातवंडांपर्यंत पोचते, पुन्हा पाकदच. हे वाचून मी मागे जाऊन हस्तलिखिताची पानं तपासली. मला वाटलं, दोन वेगळ्या लेखांची पानं एकत्र मिसळली असणार.

"नाही मिसळली," मास्तर म्हणाले. "एकच शब्द आहे."

"पण मूल देणं आणि शिक्षा देणं एक कसं होईल?"

"तुम्ही मराठीत 'समाचार घेणे' म्हणजे काय म्हणता?"

"बदडून काढणं," मी म्हटलं. "आमच्या घरी तरी. दादा शाळा बुडवून नदीवर गेला की संध्याकाळी त्याचा समाचार घेतला जायचा."

मास्तर म्हणाले, "आमच्याकडे चर्चचे पाळक आजारी माणसाच्या घरी जातात, शेजारी बसतात, प्रार्थना करतात. त्याला आम्ही समाचार घेणं म्हणतो. मी लहानपणापासून फक्त तेच ऐकलं. तुमचा अर्थ मला माहीत आहे, शिकवलाही आहे. पण तो कानात नव्हता."

आणि माझ्या कानात त्यांचा नव्हता. दोघंही मराठी, आणि एका शब्दाचं एकेक टोक धरून बसलेलो.

मग त्यांनी मला एक जागा सांगितली, ती पुढच्या प्रकरणात होती. एक संदेष्टा मेंढपाळांना खडसावतो. तुम्ही कळपाचा समाचार घेतला नाही ना, मग आता देवच तुमचा समाचार घेईल, असा त्याचा रोख. मूळ भाषेत दोन्ही ठिकाणी पाकद. "मराठीत हे असंच्या असं उतरतं, बघा," ते म्हणाले, "पण लोकांची मोजणी आली की समाचार कामाला येत नाही. तिथे मी अडलोय."

मी सहज म्हटलं, "हजेरी चालेल का? हजेरी घेणं म्हणजे मोजणंही आणि बोलणी देणंही."

ते उठून उभे राहिले. "तीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली," ते म्हणाले, "आणि हे माझ्या लक्षात आलं नाही!" त्याच उत्साहात त्यांनी सगळ्या प्रकरणांत समाचार खोडून हजेरी केलं. पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा समाचार केलं, कारण निपुत्रिक बाईची हजेरी घेतली असं म्हणता येईना. मग काही ठिकाणी 'दखल', काही ठिकाणी 'भेट'. शेठ मला गुजरातीत म्हणायचे की या माणसाला आधी काय लिहायचं ते ठरवून यायला सांग. मी मास्तरांना ते सांगत नव्हते. त्यांना गुजराती कळत होतंच.

मूळ अक्षरं छापायची होती, पण तसा फॉन्ट सुरतेत कुठून मिळणार? मास्तरांनी काळ्या शाईने तीन अक्षरं काढून आणली. मी ती कापून बटर पेपरवर चिकटवली, आणि अर्थातच डावीकडून उजवीकडे. ती उजवीकडून वाचायची असतात हे मला कोण सांगणार! त्यातलं एक अक्षर उलटंही बसलं होतं. त्यांनी ते ब्लेडने हळूच सोडवलं आणि स्वतः बसवलं. ही भाषा त्यांनी तरुणपणी पाळक व्हायच्या शाळेत दोन वर्षं शिकली होती. "पाळक व्हायला गेलो आणि नुसतं व्याकरण घेऊन आलो," असं ते म्हणायचे. मग मास्तरकी धरली.

एक पान ते सारखं बदलत होते. त्यात दोन माणसांची तुलना होती. एक जण रात्रीचं आकाश बघून देवाला म्हणतो की एवढ्याशा माणसाची तू दखल घेतोस, हे केवढं. दुसरा, ज्याची मुलंबाळं गेली आणि अंगभर फोड आले, तो जवळजवळ त्याच शब्दांत उलटं म्हणतो, की रोज सकाळी माझी दखल कशाला घेतोस, जरा नजर काढ माझ्यावरून. दोन्हीकडे पाकद. हे पान मी इतक्या वेळा जुळवलं की अजून ओळी आठवतात, पण मास्तरांना त्यातून काय म्हणायचं होतं ते आजही सांगता येणार नाही. कधी ते पहिल्या माणसाच्या बाजूने लिहायचे, कधी दुसऱ्याच्या.

एकदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून प्रूफ न्यायला त्यांची मुलगी आली. ड्युटीवरून थेट आलेली, पांढऱ्या साडीत. खुर्चीवर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्हाला फार त्रास देतात ना?"

"नाही हो. पण हे एवढं एकाच शब्दावर का, ते कळत नाही."

"आई गेल्यापासून चाललंय," ती म्हणाली. "आई बरेच दिवस आजारी होती. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे. एक जण म्हणाले, देवाने तुमच्या घराचा समाचार घेतला आहे. धीर द्यायलाच म्हणाले ते. पण संध्याकाळी बाबा मला विचारतात, कोणत्या अर्थाने म्हणाले असतील गं? मी काय सांगणार? मग त्यांनी ट्रंकेतनं जुनी पुस्तकं काढली."

तिने प्रूफ पिशवीत घातलं. जाताना म्हणाली, "लवकर छापून टाका. म्हणजे सुटतील."

त्याच हिवाळ्यात एका दुपारी माझे वडील जिना चढून वर आले.

इथे आधी थोडं सांगायला हवं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धुळ्याच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सोडायच्या, कुठली कुठे लावायची ते ठरवायचं. मी लग्न केलं ते आमच्या जातीबाहेर. मुलगा अमरावतीकडचा, आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होता. दादा खूप बोलला. माय रडली. आबा काहीच बोलले नाहीत. रजिस्टर लग्नाच्या दिवशी ते डबा घेऊन नेहमीसारखे ड्युटीवर गेले. नंतर ह्यांना सुरतेजवळ चलथाणच्या साखर कारखान्यात नोकरी मिळाली, आम्ही भेस्तानला घर केलं, आणि चार वर्षं गेली. मला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं. कोणी ये असंही म्हटलं नव्हतं. आबा रागावले आहेत की नाही हेच मला माहीत नव्हतं. एसटीचा पास असून ते आले नाहीत, एवढंच काय ते माहीत होतं.

आणि आता ते दारात उभे होते. हातात रेक्झिनची पिशवी, गळ्यात मफलर. मी उठले, पण पुढे गेले नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मशीन बघितलं, शेठकडे बघून मान हलवली आणि मला अहिराणीत विचारलं, "बरी शेस ना?"

"हो."

"हां," ते म्हणाले, आणि ग्राहकांच्या खुर्चीवर बसले.

एवढंच. घरी कोणी आजारी आहे का, मायला काही झालंय का, दादाचं काही? मी एकेक विचारलं. सगळ्याला "नाही, बरं आहे." मग का आले? ते विचारायला जीभ उचलेना. शेठनी चहा मागवला. आबांनी बशीत ओतून प्यायला. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि रिक्षाने त्यांना भेस्तानला घेऊन गेले.

घरात त्यांनी काय केलं, तर मोरीतला नळ सोडून बघितला. कडी लावून बघितली, ती जरा सैल होती. खिडकीतून खाली बघितलं. पलंगावर बसताना गादी हाताने दाबली. मी ओट्यापाशी उभी राहून हे बघत होते आणि डोक्यात मास्तरांचे सगळे अर्थ फिरत होते. हे बघायला आलेत, की तपासायला? पोरगी सुखात आहे का ते बघतात, की हिने काय वाटोळं करून घेतलंय ते? त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नसे. डेपोतही गाडी दोन तास उशिरा आली तरी त्यांचा चेहरा तोच.

हे संध्याकाळी पाळीवरून आले, आबांना बघून दारातच थबकले आणि मग वाकून पाया पडले. आबांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. विचारलं, "गाळप कधीपर्यंत चालेल?"

"एप्रिलपर्यंत तरी."

"ऊस मिळतो पुरेसा?"

मग दोघं ऊस, उतारा, मळी यावर जेवण होईपर्यंत बोलत होते. मी भाकरी थापत ऐकत होते. ह्यांनी मधेच आत येऊन मला हळूच विचारलं, "का आलेत?" मी खांदे उडवले. "काही बोलले?" "तुझ्याशीच तर बोलतायत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी एकटे काय करणार म्हणून आबा माझ्याबरोबर दुकानात आले. त्याच खुर्चीवर बसले. दुपारी मास्तर आले, हातात बदललेलं पान. मी ओळख करून दिली. दोन म्हातारी माणसं एकमेकांशी चटकन बोलायला लागतात तशी ती लागली: पेन्शन, गुडघे, सुरतेचं पाणी. मी जुळवत होते. आणि मास्तरांनी साध्या मनाने विचारलं, "मुलीचा समाचार घ्यायला आलात म्हणायचं!"

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

आबा म्हणाले, "हां. समाचार घ्यायलाच."

आता हे ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. मी वळून बघितलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आणि मास्तर! दुसरा कोणी असता तर विषय बदलला असता. त्यांना राहवेना. "कोणत्या अर्थाने?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

झालं. मास्तरांनी पिशवीतून कागद काढले आणि आबांना सगळं क्रियापद समजावून सांगितलं. म्हातारी, शिरगणती, कारभार, शिक्षा, मेंढपाळ. शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून जुळवली नव्हती. राजाचा मुलगा आणि त्याचा मित्र. राजाला त्या मित्राचा जीव घ्यायचा असतो. मुलगा मित्राला सांगतो की उद्या मोठं जेवण आहे, तू लपून राहा. पण तुझी बसायची जागा रिकामी दिसेल आणि तू नाहीस हे लक्षात येईल. 'नसल्याचं लक्षात येणं' यालाही हिब्रूत पाकदचंच रूप आहे.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. डेपोत तक्रार ऐकत तसं, मान थोडी खाली घालून. मग म्हणाले, "एवढ्या सगळ्याला एकच शब्द का ठेवला त्यांनी? दोन-तीन केले असते तर माणसाला कळलं तरी असतं."

"तेच तर मला कळत नाही," मास्तर म्हणाले.

"मग पुस्तक कशाला काढता?"

मला वाटलं मास्तर दुखावले. ते कागद गोळा करत होते. पण ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. शेवटचं प्रकरण मी उगाच लिहिलं." आबांना वाईट वाटलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "तसं नाही. छापून झालं की मला एक द्या. मी वाचीन." मग दोघं बरोबर खाली चहा प्यायला गेले आणि पुष्कळ वेळ आले नाहीत. मी खिडकीतून बघितलं. टपरीच्या बाकावर बसले होते, मास्तर बोलत होते, आबा ऐकत होते. मग आबा बोलत होते. काय, ते मला आसपासच्या मागांच्या खडखडाटात वरून ऐकू येणं शक्य नव्हतं. मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एसटीच्या गमती सांगत होते. फार हसवलं त्यांनी." आबा कोणाला हसवतात हे मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या संध्याकाळी मी भाजी निवडत होते. ह्यांची पाळी होती, घरात आम्ही दोघंच. आबा खुर्चीवर बसले होते. काही विषय नसताना ते म्हणाले, "तुन्ही माय आजुनबी तुना पाट मांडस."

माय जेवायला बसताना अजून तुझा पाट मांडते. मी हातातली जुडी तशीच धरून बसले.

"रोज?"

"रोज. तुन्ही वहिनी बोलस तिले. ती आयकत नाही."

मी वाट बघितली. पुढे 'तेव्हा ये' म्हणतील, किंवा 'तू तिला असं करून ठेवलंस' म्हणतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. ते उठले, स्क्रूड्रायव्हर आहे का विचारलं, आणि सैल कडी घट्ट करत बसले.

सकाळी त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. धुळ्याची गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं वाटून मी खालूनच म्हटलं, "आबा, तुम्ही का आला होतात?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. त्यांना खरंच उत्तर शोधावं लागत होतं असं मला वाटलं. "पासची मुदत संपत व्हती," ते म्हणाले. "वाया गयी असती." कंडक्टरने बेल दिली. "चाल, मी जास."

मी दुकानात गेले आणि मशीन सुरू करून तशीच बसून राहिले. शेठनी दोनदा विचारलं, "बेन, शुं थयुं?" मला सांगता येईना, कारण काय झालं ते मलाच माहीत नव्हतं. घरी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चांगल्यासाठीच आले असणार. मग थोड्या वेळाने म्हणाले, पण मग मला नावाने एकदाही हाक मारली नाही. मग म्हणाले, पण कडी बसवून दिली. असं आमचं चालू राहिलं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी शेवटचं प्रकरण काढून टाकलं. त्यात त्यांनी सगळ्या अर्थांच्या मुळाशी कोणता एक अर्थ आहे ते ठरवून दिलं होतं. ते गेल्यावर तीन पानं कोरी राहत होती. शेठ म्हणाले, जाहिरात घ्या. मास्तर म्हणाले, राहू द्या कोरी. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं. आकाश बघणाऱ्याचं आणि फोड आलेल्याचं पान त्यांनी शेवटी दोन बाजूंनी दोन परिच्छेद असं ठेवलं, आणि मधे आपलं काहीच लिहिलं नाही. होळीच्या सुमाराला पुस्तिका छापून आली. पिवळं कव्हर, मधे ती तीन अक्षरं. मुलगी गठ्ठे न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "सुटले का?" ती म्हणाली, "छे. आता दुसरं क्रियापद घेतलंय." पण ती हसत होती. पुढे तिची दुसरीकडे बदली झाली आणि मास्तर तिच्याबरोबर गेले. जाण्याआधी पेढे घेऊन आले होते. आबांना नमस्कार सांगा म्हणाले.

मे महिन्यात गाळप संपल्यावर ह्यांना सुट्टी मिळाली, आणि मी ठरवलं की धुळ्याला जायचं. बोलावणं आलं नव्हतं. पण माय रोज पाट मांडते हे कळल्यावर किती दिवस न जाता राहणार? बॅगेत पिवळी पुस्तिका घेतली.

दार वहिनीने उघडलं. ती आत ओरडतच गेली. माय स्वयंपाकघरातून आली, हात पिठाचे, आणि मला बघून तिथेच खाली बसली. मग रडणं, मग ह्यांना पाणी, मग पुन्हा रडणं. दादा घरी नव्हता. आबा बाजारात गेले होते. सगळं जरा शांत झाल्यावर मी मायजवळ चुलीपाशी बसले आणि म्हटलं, "माय, तू माझा पाट मांडत होतीस, मला आबांनी सांगितलं."

"कोणता पाट?"

"जेवताना. रोज."

माय माझ्याकडे बघायला लागली. "कोनी सांगं तुले? तुझा पाट तर तू गेलीस त्याच वर्षी धाकट्या नातवाला दिला." मग तिच्या ध्यानात आलं. "आबा तुला कुठे भेटले?"

"सुरतला. हिवाळ्यात आले होते. दोन दिवस राहिले."

"सुरतला?" ती म्हणाली. "मला तर शिरपूरला लग्नाला जातो म्हणाले होते."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही काही माहीत नव्हतं, आणि पाटावरून ती कोणाला बोललेलीही नव्हती. माय हळूच म्हणाली, "असं खोटं का बोलले असतील गं?" मलाही तेच विचारायचं होतं. ते मायबद्दल खोटं बोलले, की मायच्या नावाने स्वतःबद्दल खरं बोलले? की मला यायला एखादं कारण हवं म्हणून त्यांनी ते तयार करून दिलं, गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरच्या हातात कागद द्यावा तसं? माय म्हणाली, त्यांना विचार. मी म्हटलं, तू विचार. दोघींनीही विचारलं नाही.

आबा आले ते दोन कलिंगडं घेऊन. ह्यांना ओसरीवर बसलेलं बघून त्यांनी एक कलिंगड त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, "उतारा किती पडला शेवटी?" मला म्हणाले, "ऊन्यात का." आलात का. जेवण झाल्यावर मी पुस्तिका दिली. त्यांनी चष्मा लावून दुपारभर वाचली, कोरी पानंही उलटून बघितली. "मास्तर बरे आहेत?" त्यांनी विचारलं. मी बदलीचं सांगितलं. "चांगला माणूस," ते म्हणाले, आणि पुस्तिका रेडिओखाली ठेवून दिली.

आम्ही चार दिवस राहिलो. दादा पहिल्या दिवशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन शेतावर गेला. परत निघायच्या दिवशी आबा आम्हाला डेपोवर सोडायला आले. निवृत्त झाले होते, पण तिथे अजून सगळे त्यांना ओळखत होते. एक कंडक्टर पुढे आला, नियंत्रकाच्या खोलीतूनही कोणी बाहेर डोकावलं. आबांनी ह्यांच्या दंडाला धरून त्यांना पुढे केलं.

"ह्या आमना जवाई," ते म्हणाले. "साखर कारखान्यात केमिस्ट शेतस. सुरतले."

ह्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. कोणीतरी चहा सांगितला. आबा मला म्हणाले, खिडकीची जागा धर, ऊन डाव्या बाजूने येईल, उजवीकडे बस. मी वर चढून उजवीकडे बसले आणि खालचा त्यांचा चहा संपायची वाट बघत राहिले.